जमाखर्च : बिलोरी बासरी



लॉकरधारकाचे निधन झाल्यावर वारस आणि साक्षीदार यांच्या समक्ष लॉकर उघडून आतील वस्तूंची यादी करणे, हे काम बँकेच्या नोकरीत माझ्याकडे अनेकदा आले. दागिन्यांची ओळख वारसांना तत्काळ पटते. ही पाटली आईची, हा गोफ आजोबांचा, असे सांगताना कोणी अडखळत नाही. परंतु बहुतेक लॉकरमधून एखादी वस्तू अशीही निघते, की तिच्याविषयी कोणालाच काही सांगता येत नाही. एका किराणा व्यापाऱ्यांच्या लॉकरमधून एकदा चांदीची जुनी गुलाबदाणी निघाली. तळाशी कोणाचे तरी नाव आणि साल कोरलेले होते. तिन्ही पुत्रांनी एकमेकांकडे पाहिले, कोणी काही बोलले नाही. मी यादीत लिहिले, ‘गुलाबदाणी, चांदीची, जुनी, नग एक’. वजन लिहिले, सह्या घेतल्या आणि काम संपले. ती कोणी, कोणाला, कोणत्या निमित्ताने दिली, हे लिहिण्यासाठी आमच्या नमुन्यात रकाना नव्हता.

त्या गुलाबदाणीची आठवण मला अलीकडे एका बासरीमुळे झाली. ही बासरी आपल्याकडची वेळूची नव्हे. ती काचेची आहे, दोनशेहून अधिक वर्षांची आहे आणि आज अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या घरातील ही वस्तू. तिच्या निमित्ताने त्या घराचा जमाखर्च वाचायला मिळाला. व्यापारी कुटुंबांनी तो अवश्य पाहावा, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तूविषयी. पाश्चात्त्य संगीतात आडव्या बासरीची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते. आज ती बहुधा चांदीची किंवा अन्य धातूची असते, तरी तिचे कूळ लाकडी वाद्यांचेच मानले जाते. दोनशे वर्षांपूर्वी ती बॉक्सवुड वा एबनीसारख्या टणक लाकडाची, श्रीमंतांसाठी क्वचित हस्तिदंताची, केली जाई. या दोन्ही पदार्थांत एक दोष होता. वाजवणाऱ्याच्या श्वासातील ओल आणि हवेतील उष्णता यांमुळे ते फुगत, आकसत, कधी तडकत. मग स्वर ढळे. पॅरिसमधील क्लोद लोराँ नावाच्या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने यावर उपाय शोधला. काच ओल पीत नाही आणि फुगत नाही, म्हणून बासरी काचेचीच करावी. 1806 साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. काचेला हत्तीचा जीव लागत नाही, हा विचार त्याच्या मनात असेल असे नाही. परंतु आपल्या वाचकांच्या ध्यानात ती गोष्ट आल्याशिवाय राहणार नाही.

लोराँचे कसब घड्याळजीचे होते, ते येथे कामी आले. लाकडी बासरीवर कळी बसवायच्या तर लाकडातच उंचवटे कोरून ठेवता येतात. काचेत ते शक्य नव्हते. त्याने चांदीचे बारीक खांब काचेवर बसवले आणि त्यांच्या आधाराने कळी हलत्या केल्या. बासरीचे तुकडे जोडण्यासाठीही त्याने चांदीचे सांधे केले. काचेच्या नळीला बाहेरून पैलू पाडले. आपल्या जुन्या घरांत झुंबरांच्या लोलकांना जसे पैलू असतात, तशी ही बिलोरी बासरी दिव्याखाली धरली की झळाळते. युरोपातील धनिकांत तिला मागणी आली.

1813 साली मॅडिसन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले. त्या निमित्ताने लोराँने अशी एक बासरी त्यांना भेट म्हणून पाठवली. चांदीच्या सांध्यावर मॅडिसन यांचे नाव, त्यांचे पद आणि साल कोरलेले आहे. मॅडिसन बासरी वाजवत असल्याची कोठेही नोंद नाही. काही भेटवस्तू वापरण्यासाठी नसतातच, घराची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी असतात, हीसुद्धा त्यांपैकीच.

पुढच्याच वर्षी त्या प्रतिष्ठेची परीक्षा झाली. अमेरिकेचे इंग्लंडशी युद्ध चालू होते. 24 ऑगस्ट 1814 रोजी इंग्रज सैन्य वॉशिंग्टनमध्ये शिरले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाला आग लावली. मॅडिसन यांच्या पत्नी डॉली यांनी त्या धांदलीत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मोठे तैलचित्र वाचवले, ही कथा अमेरिकेतील शाळांतून आजही सांगतात. बासरीही त्यांनीच सोबत नेली असावी, अशी समजूत आहे.

मात्र त्या दिवशी त्या घरात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव पॉल जेनिंग्स. जेवणाचे टेबल त्यानेच मांडले होते. पुढे 1865 साली त्याच्या आठवणींचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. राष्ट्राध्यक्षांच्या निवासातील आयुष्याविषयीचे ते पहिले पुस्तक मानले जाते. त्यात त्याने स्पष्ट लिहिले आहे, की ते चित्र उतरवायला शिडी लागली असती आणि बाईंना तेवढा वेळच नव्हता. हाताच्या पिशवीत मावेल तेवढी चांदी घेऊन त्या निघाल्या. चित्र उतरवले ते घरातील फ्रेंच कारभाऱ्याने आणि बागेच्या माळ्याने. हुकूम बाईंचा असेल, शिडीवर चढले ते दुसरेच. त्यांच्या नावासाठीही इतिहासाच्या नमुन्यात बराच काळ रकाना नव्हता.

हा पॉल जेनिंग्स नोकर नव्हता, तो गुलाम होता. मॅडिसन यांच्या मालमत्तेत त्याची गणना होती.

मॅडिसन यांचे वडिलोपार्जित घर व्हर्जिनिया प्रांतात होते. त्याचे नाव माँटपेलिअर. भोवती विस्तीर्ण शेती, तंबाखू आणि गहू ही पिके, आणि शंभराहून अधिक गुलाम. राष्ट्राध्यक्षपदाची मुदत 1817 साली संपल्यावर पतिपत्नी तेथे राहू लागले. घर सदैव पाहुण्यांनी भरलेले असे. बाहेरून पाहणाऱ्याला वैभव दिसे. आत मात्र खतावणी दुसरेच सांगत होती. जमिनीचा कस गेला होता, धान्याचे भाव पडले होते, आणि घरात एक मुलगा होता.

तो मॅडिसन यांचा स्वतःचा पुत्र नव्हता. डॉलीबाईंचे पहिले पती 1793 साली फिलाडेल्फियातील पीतज्वराच्या साथीत वारले. दुसऱ्या विवाहाच्या वेळी त्यांचा मुलगा जॉन पेन टॉड दोन वर्षांचा होता. मॅडिसन यांना स्वतःचे अपत्य झाले नाही. त्यांनी या मुलाला आपलाच मानले. एकवीस वर्षांचा झाल्यावर त्याला युरोपात, तहाच्या वाटाघाटींसाठी निघालेल्या शिष्टमंडळासोबत पाठवले. तेथे राजदरबारांत त्याचे राजपुत्रासारखे स्वागत झाले. परतताना तो उत्तम कपडे, मद्य आणि जुगार यांची आवड घेऊन आला. काम कोणतेच धरले नाही. कर्जे मात्र शहरोशहरी होत गेली. कर्जापायी त्याला तुरुंगातही जावे लागले.

वाचकहो, येथे बँकेतील माणसाचे लक्ष थबकते. मॅडिसन हे अमेरिकेच्या राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार. सत्तेवर सत्तेचा अंकुश हवा, कोणाचाही कारभार तपासणीविना राहू नये, हे तत्त्व त्यांनी राष्ट्राला शिकवले. त्याच माणसाने स्वतःच्या घरात मात्र तपासणी टाळली. सावत्र मुलाची सुमारे 40,000 डॉलरची कर्जे त्यांनी फेडली. त्या वेळी राष्ट्राध्यक्षांचा वार्षिक पगार 25,000 डॉलर होता, यावरून रकमेचा अंदाज यावा. यांपैकी निम्मी रक्कम डॉलीबाईंना ठाऊकच नव्हती. आईच्या जिवाला घोर लागू नये म्हणून मॅडिसन यांनी ती गुपचूप भरली. भरण्याच्या पावत्या एका पुडक्यात बांधून त्यांनी डॉलीबाईंच्या भावाकडे सोपवल्या होत्या. आपल्या पश्चात त्या बहिणीला दाखवाव्यात, म्हणजे नवऱ्याने मुलासाठी काय केले ते तिला कळेल, हा हेतू.

त्या पुडक्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. व्यवहारातला चोख माणूस पावत्या जपून ठेवतो, पण ज्याने त्या पाहायच्या त्यालाच दाखवत नाही. कर्जखाती हाताळताना असे प्रसंग मी आपल्याकडेही पाहिले आहेत. दुकान थोरल्याने उभे केलेले, धाकट्याने बाहेर उधारी केलेली, आणि आईला वा वडिलांना कळू नये म्हणून थोरला दुकानाच्या भांडवलातून ती भागवत असतो. विचारले तर तो म्हणतो, "साहेब, घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या." त्याच्या मनात कपट नसते, माया असते. परंतु भांडवलाला माया समजत नाही. आईला वेळीच कळले असते, तर ती कदाचित रडली असती, रागावली असती, मुलाला दूर ठेवले असते. काही तरी केले असते. न कळल्याने ती त्याच्यावर विश्वास ठेवत राहते. डॉलीबाईंचे नेमके हेच झाले.

28 जून 1836 रोजी मॅडिसन यांचे निधन झाले. पॉल जेनिंग्स त्यांच्यापाशी होता. आता माँटपेलिअरचा कारभार पेन टॉडच्या हाती आला. मॅडिसन यांनी आपली कागदपत्रे काळजीपूर्वक जपून ठेवली होती, त्यांच्या विक्रीतून पत्नीची सोय व्हावी या हिशेबाने. काँग्रेसने 1837 साली त्यांतील पहिला भाग 30,000 डॉलरला विकत घेतला. ती रक्कम टिकली नाही. 1844 साली माँटपेलिअर रिचमंडच्या एका व्यापाऱ्याला विकावे लागले. 1848 साली उरलेल्या कागदपत्रांसाठी काँग्रेसने आणखी 25,000 डॉलर मंजूर केले, पण या वेळी शहाणपण केले. 5,000 डॉलर देणी भागवण्यासाठी रोख दिले आणि 20,000 डॉलर विश्वस्तांच्या स्वाधीन केले, डॉलीबाईंना केवळ व्याज मिळावे आणि मुलाला मुद्दलास हात लावता येऊ नये म्हणून. संसदेला एका आईच्या खात्यावर असा पहारा बसवावा लागावा, यापेक्षा त्या घराची अवस्था वेगळी सांगायला नको.

परंतु या दिवाळखोरीची सर्वांत मोठी किंमत त्या घराण्याने मोजली नाही. गुलामांना त्यांच्या संमतीवाचून विकू नये, अशी इच्छा मॅडिसन यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. त्यांना मुक्त करावे, असे मात्र लिहिले नव्हते. आणि इच्छा ही इच्छाच असते, तिला धनकोच्या दाव्यापुढे जोर नसतो. 1844 च्या जुलै महिन्यात माँटपेलिअर येथील सारा नावाच्या गुलाम स्त्रीने डॉलीबाईंना पत्र पाठवले. कर्जवसुलीसाठी शेरीफने आम्हा सर्वांना ताब्यात घेतले आहे, काही केले नाही तर येत्या न्यायालयाच्या बैठकीत आम्हाला विकतील आणि पतिपत्नींची ताटातूट होईल, असा त्या पत्राचा आशय होता. पेन टॉडने जुगारात घालवलेला पैसा अशा माणसांच्या ताटातुटीतून वसूल होत होता. जप्तीच्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. यंत्रे, पोती, टेबल, पंखा. त्या यादीत नवरा आणि बायको वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेले असतील, ही कल्पनाच हात थरथरवणारी आहे.

पॉल जेनिंग्सला मुक्त करण्याचे डॉलीबाईंनी 1841 मध्ये मृत्युपत्रात लिहिले होते. प्रत्यक्षात पैशाची चणचण वाढल्यावर 1846 साली त्यांनी त्याला 200 डॉलरला विकून टाकले. पुढच्या वर्षी सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी त्याला 120 डॉलर देऊन सोडवले. ही रक्कम दान नव्हती, कर्ज होते. जेनिंग्सने वेबस्टर यांच्या घरी काम करून दरमहा 8 डॉलरप्रमाणे ती फेडायची, असे लेखी ठरले. 120 भागिले 8, म्हणजे पंधरा महिने. स्वतःच्याच देहाचा मालक होण्यासाठी पंधरा हप्ते. आयुष्यभर कर्जखाती पाहिलेल्या माणसाला याहून लहान आणि याहून मोठे कर्ज दुसरे दिसले नाही.

आता या जमाखर्चातील ती नोंद, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. डॉलीबाई वॉशिंग्टनमध्ये अत्यंत गरिबीत दिवस काढत होत्या. वेबस्टर अधूनमधून जेनिंग्सला शिधा भरलेली टोपली देऊन त्यांच्याकडे पाठवत. घरात काही कमी असेल तर ते पोहोचवण्याचीही त्याला मुभा होती. जेनिंग्स लिहितो, की बाईंना गरज असेल असे वाटल्यावर त्याने काही वेळा स्वतःच्या खिशातून लहानसहान रकमा त्यांना दिल्या. ज्यांनी त्याला दिलेला शब्द मोडून विकले, त्यांनाच. त्याने हे दोन ओळींत सांगितले आहे. आकडा दिलेला नाही, उपकाराची भाषा नाही, तक्रारही नाही. 40,000 डॉलरच्या पावत्या कोणी तरी पुडक्यात जपल्या. या रकमांची पावती नव्हती. तरी माझ्या हिशेबी त्या घराच्या जमेच्या बाजूला शेवटपर्यंत खरी राहिलेली रक्कम हीच.

त्याने यावरून काही धडा दिलेला नाही, आपणही काढू नये. मोडलेला शब्द त्यामुळे सांधला जात नाही आणि 200 डॉलरचा तो विक्रीव्यवहारही पुसला जात नाही. जमा आणि नावे दोन्ही बाजू जशाच्या तशा वाचाव्यात, एवढेच.

डॉलीबाई 1849 साली गेल्या, पेन टॉड 1852 साली. जेनिंग्सने पुढे सरकारी पेन्शन कार्यालयात नोकरी केली, वॉशिंग्टनमध्ये स्वतःची जागा घेतली आणि 1874 साली तो वारला.

आणि बासरी? घर गेले, जमीन गेली, कागद गेले, पण ही नाजूक काच कशी कोण जाणे शाबूत राहिली. टॉडकडून ती वॉशिंग्टनमधील एका डॉक्टरांच्या घराण्यात गेली. त्या घराण्याकडून ती 1937 साली डेटन मिलर या भौतिकशास्त्रज्ञाने विकत घेतली. मिलर यांना बासऱ्यांचा छंद होता. 1941 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा सतराशेहून अधिक बासऱ्या आणि तत्सम वाद्ये त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसला मृत्युपत्राने दिली. केवळ वाद्येच नव्हेत, त्यांच्याविषयीची पुस्तके, चित्रे आणि नोंदी यांसह. म्हणून आज या एका नगाची एवढी हकिकत आपल्याला सांगता येते.

अलीकडच्या काळात तज्ज्ञांनी त्या संग्रहातील लोराँच्या काचेच्या बासऱ्यांचे रासायनिक परीक्षण केले, तेव्हा एक गंमत उघड झाली. सगळ्यांना आजवर बिलोरी म्हटले जात होते, परंतु खरोखर शिसे घातलेली बिलोरी काच अवघ्या दोन बासऱ्यांची निघाली. मॅडिसन यांची त्यांतलीच एक. बाकीच्या साध्या पोटॅशच्या काचेच्या आहेत. ही काच ओल पीत नाही, असे लोराँने मानले होते, तेही पूर्ण खरे नव्हते. हवेतील दमटपणा तिच्यातील क्षार हळूहळू बाहेर ओढतो. प्रथम ती धूसर होते, मग तिच्या अंगभर सूक्ष्म तडे जातात. वरून तितकीच चमकणारी, पण आतून झिजणारी. कोणती काच कशाची, हे नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नव्हते. तपासल्यावरच कळले.

सप्टेंबर 2022 मध्ये ग्रंथालयाने ही बासरी प्रथमच मोठ्या जनसमुदायासमोर वाजवू दिली. वॉशिंग्टनमधील एका भरगच्च मैफलीत, बंदोबस्तात आणलेल्या या बासरीवर लिझो या लोकप्रिय गायिकेने काही स्वर वाजवले. बासरीचे शास्त्रशुद्ध शिक्षण तिने लहानपणापासून घेतलेले आहे. ती कृष्णवर्णीय आहे. काही जणांना तो प्रकार रुचला नाही, अनेकांचे डोळे पाणावले. त्याच वर्षी माँटपेलिअर येथेही मोठा वाद होऊन अखेर एक निर्णय झाला. आज स्मारक म्हणून जपलेल्या त्या घराच्या व्यवस्थापन मंडळात, तेथील गुलामांच्या वंशजांना बरोबरीचे स्थान मिळाले. ज्यांचे पूर्वज त्या घराच्या मालमत्तेच्या यादीत होते, ते आता ती यादी सांभाळतात.

वाचकहो, यंदा दिवाळीत वहीपूजन होईल, तेव्हा एक काम करून पाहावे. घरातील तिजोरी वा लॉकर उघडून जुन्या वस्तू बाहेर काढाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांना, आणि दुकानात तीस-चाळीस वर्षे राबलेल्या मुनीमजींनाही, जवळ बसवावे. प्रत्येक वस्तू कोणी दिली, कोणत्या प्रसंगी आली, तिच्यासाठी कोणाचे हात झिजले, हे विचारून एका साध्या वहीत लिहावे. देणेघेणे असेल तर तेही लिहावे, आणि ती वही घरातील सर्वांना वाचू द्यावी.

त्या गुलाबदाणीच्या तळाशी कोरलेले नाव मी तेव्हा वाचले होते. यादीत उतरवले नाही. आज आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न करतो, पण आठवत नाही.